कार्यालयातला दिवस संदेशांना उत्तरे देण्यातच संपतो. कामात लक्ष कसे लावावे?

तुमची अडचण थोडक्यात अशी आहे: सांगलीतल्या एका व्यापारी पेढीच्या हिशेब विभागात तुम्ही काम करता, कामाचे सात-आठ व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत, जोडीला ईमेल आणि फोन आहेतच, सगळा दिवस त्यांना उत्तरे देण्यात जातो आणि हिशेबाला हात लागतो तो संध्याकाळी साडेपाचनंतर. मोबाईल बाजूला ठेवला तर मालक विचारतात. अशा स्थितीत एकाग्रता कशी वाढवावी, असे तुम्ही विचारले आहे. मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीचे कार्यालय मी बरीच वर्षे सांभाळतो, म्हणून थोडे रोखठोक सांगतो. तुमच्या एकाग्रतेला काहीही झालेले नाही. बिघाड कार्यालयाच्या रीतीत आहे आणि एका माणसाने मोबाईल पालथा ठेवल्याने तो दुरुस्त होण्यासारखा नाही.

पूर्वी कार्यालयात आवक-जावक बारनिशी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाची नोंदवही असे. टपाल आले की कारकून त्यावर शिक्का मारी, क्रमांक घाली, कागद कोणाच्या टेबलावर गेला ते लिही आणि त्या माणसाची सही घेई. काम सावकाश चाले, कधीकधी नको इतके सावकाश. पण कागद कोणाकडे अडला आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका नसे. व्हॉट्सअॅपने टपालाचा वेग वाढवला आणि बारनिशी मात्र कोणी ठेवलीच नाही. त्याचा परिणाम तुम्ही रोज पाहत असाल. ग्रुपवर एका बिलाचा फोटो पडतो, तिरपा काढलेला, रकमेवर निम्मा अंगठा आलेला, आणि खाली दोनच शब्द असतात, ‘पाहून घ्या’. कोणी पाहायचे, त्यात काय पाहायचे आणि केव्हापर्यंत, यातले काहीच लिहिलेले नसते. पाच जण तो उघडतात, दोघे अंगठा दाखवतात, एक जण हात जोडतो आणि दुसऱ्या कोणीतरी पाहिले असेल या भरवशावर प्रत्येक जण आपापल्या कामाकडे वळतो. दुपारी ‘झाले का?’ म्हणून तेच बिल परत येते. पाच माणसांचे काम दोनदा तुटले आणि बिल होते तिथेच राहिले. भरीस भर म्हणजे निळ्या खुणा दिसल्या की काम अंगावर घेतले असे धरले जाते आणि ग्रुपमध्ये त्या खुणा सेटिंगमधून बंदही करता येत नाहीत.

आता तुम्हाला संध्याकाळी जो शीण जाणवतो त्याबद्दल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधक ग्लोरिया मार्क यांनी सहकाऱ्यांसह केलेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांच्या कामात व्यत्यय आणले गेले त्यांनी काम उलट लवकर उरकले आणि कामाचा दर्जाही घसरला नाही. मात्र ताण, वैताग आणि वेळेचा दबाव त्यांना स्पष्टपणे अधिक जाणवला. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण मालकांना दिसते ते एवढेच की काम होते आहे. त्याची किंमत कर्मचारी स्वतःच्या अंगावर चुकवतो आणि ती कोणत्याच खतावणीत चढत नाही. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले की पहिले काम अर्धवट टाकून दुसरे हाती घेतले तर मन काही काळ पहिल्यातच घुटमळते आणि दुसरे काम कच्चे होते. ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढायचे बिल, भरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ट्रक वजनकाट्यावरून निघालेला असतो, चालक खिडकीशी उभा असतो, परराज्यात जाणारा पन्नास हजारांच्या वरचा माल असल्याने बिलाशिवाय गाडी हलवता येत नाही. गाडीचा क्रमांक टाकताना मोबाईल दोनदा वाजतो आणि एमएच १० च्या जागी एमएच ०९ पडतो. दुरुस्तीची सोय आहे, पण रस्त्यात तपासणी झालीच तर खुलासे चालकाला करावे लागतात, ज्याचा यात काडीचाही दोष नसतो.

मग करावे काय? सर्व सूचना कायमच्या बंद करा असे सांगणारे पुष्कळ भेटतील. तो सल्ला मला पटत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोबाईलवरच्या सूचना दिवसातून तीन वेळा एकगठ्ठा मिळणाऱ्यांचे लक्ष आणि मनःस्थिती सुधारली. ज्यांच्या सूचना पूर्ण बंद केल्या त्यांची मात्र बेचैनी वाढली. आपल्याकडे तर ग्रुप पुरते मिटवणे धोक्याचेही आहे. पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की गोदामातला खालच्या थराचा माल वर हलवायचा निरोप त्याच ग्रुपवर येतो. परंतु कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे गावाला आधीपासून ठाऊक असते. तुमच्या कार्यालयात ‘तातडीचे’ कशाला म्हणायचे हे कोणी ठरवलेले आहे का? नसेल, तर ‘अर्जंट’ लिहिलेला प्रत्येक संदेश तुम्हाला धोक्याच्या पातळीचाच वाटणार.

म्हणून मालकांशी बोलताना ‘मला त्रास होतो’ येथून सुरुवात करू नका. आधी काही दिवस साध्या वहीत टिपून ठेवा की कोणते काम करताना कोणता निरोप आला आणि त्याचे उत्तर तासाभराने दिले असते तर काय अडले असते. ती वही समोर ठेवून तीन गोष्टी मागा. पहिली म्हणजे बारनिशी: विभागातल्या एकाने, आठवड्याच्या पाळीने, सर्व ग्रुप पाहायचे आणि ज्यात खरोखर काम आहे असा निरोप सामायिक शीटमध्ये क्रमांक, नाव आणि मुदत घालून चढवायचा, बाकीच्यांनी ग्रुप मूक ठेवून ठरलेल्या वेळी शीट पाहायची. दुसरी, तातडीचे असेल तर सरळ फोन करायचा. फोन करणाऱ्याला दोन मिनिटे बोलावे लागते, आणि तेवढ्यानेच निम्मी तातडी गळून पडते. तिसरी, दरमहा ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रे भरायची असतात, तेव्हा त्या आदल्या दिवसांची सकाळ हिशेब विभागाला निर्वेध मिळावी. मालक एकदम होकार देतील असे नाही, म्हणून २१ तारखेपासून महिनाभर प्रयोग म्हणून करू असे सुचवा; महिनाअखेरीच्या धावपळीत नवी रीत रुजत नाही. पाळीच्या माणसाचा तो आठवडा वाया जातो अशी तक्रार येईल आणि ती खरीही आहे, पण एकाचा आठवडा जाणे हे पाचही जणांचा दिवस रोज तुटण्यापेक्षा मला स्वस्त वाटते.

रात्रीच्या निरोपांबद्दल तुम्ही शेवटी ओझरते विचारले आहे. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काची तरतूद १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये त्याच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा तूर्त कायद्याचा आधार शोधत बसू नका. रात्री आलेला निरोप सकाळी शीटमध्ये चढेल एवढे मालकांना आधी सांगून ठेवा आणि सकाळी पहिल्या अर्ध्या तासात तो न चुकता चढवा. आमच्या पेढीत रात्री निरोप येणे काही थांबलेले नाही. मालकांना रात्रीच आठवते, त्याला इलाज नाही. उत्तराची वाट पाहणे मात्र त्यांनी सोडले आहे, कारण सकाळी दहाच्या आत नोंद दिसते.