ऑस्प्रे इतका वेगवान असेल, तर लढाईत उतरताना त्याचं रक्षण कोण करतं?

ॲटॅक हेलिकॉप्टरं मागे पडत असतील तर ऑस्प्रे एकटाच उतरतो का, असं तुम्ही विचारलंय. मागे पडतात हे खरंच आहे. एमव्ही-२२ ऑस्प्रे म्हणजे हेलिकॉप्टरसारखं सरळ वर-खाली जाणारं, सैनिक नेणारं विमान. त्याचे रोटर, म्हणजे मोठे पंखे, पुढे वळले आणि तो विमानासारखा उडू लागला, की ताशी ४५० किलोमीटर सहज काढतो. अमेरिकन मरीन कोअरचं (समुद्रातून चढाई करणारं दल) कोब्रा हे ॲटॅक हेलिकॉप्टर साधारण २७०-२८० वर चालतं. उतरायची जागा २०० किलोमीटरवर असेल आणि दोघं एकदम निघाले, तर ऑस्प्रे २७ मिनिटांत पोचतो, कोब्राला पाऊण तास लागतो. शिवाय ऑस्प्रेला हवेत इंधन भरता येतं, कोब्राला नाही.

पण सोबत म्हटलं की वरातीसारखं शेजारून चालणं डोळ्यासमोर येतं, तसं ते नसतं. वाटेत ऑस्प्रेला शेजारी कोणी लागतही नाही. उंचावरून त्या वेगाने जाताना रायफल-मशीनगनचा मारा त्याच्यापर्यंत पोचत नाही. (विमानविरोधी क्षेपणास्त्रं हा वेगळा विषय, त्यासाठी वेगळी तयारी असते.) धोका आहे तो शेवटच्या दोन-तीन मिनिटांचा.

मी हवाई दलात हेलिकॉप्टरच्या देखभालीवर होतो. ऑस्प्रेला कधी हात लावलेला नाही, पण रोटरखालची हवा कशी वागते ते जवळून पाहिलंय, म्हणून या मिनिटांबद्दल जरा सविस्तर लिहितो. उतरताना रोटर वर वळवावे लागतात, म्हणजे वेग जातो. मग भराभर खालीही येता येत नाही. वेग ताशी ७५ किलोमीटरच्या खाली असताना मिनिटाला ८०० फुटांपेक्षा जास्त उतरायचं नाही, असं बंधन आहे. ते मोडलं तर रोटर स्वतःच ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडतो आणि उचल संपते. ८ एप्रिल २००० रोजी ॲरिझोनातल्या मराना इथे रात्रीच्या सरावात हेच झालं आणि १९ मरीन गेले. त्यात रोटर वजनाच्या मानाने लहान. जेमतेम साडेअकरा मीटर व्यासाचे दोन रोटर सुमारे २४ टनांपर्यंतचा भार पेलतात, त्यामुळे खाली येणारा वारा भयंकर. वाळवंटात शेवटचे काही मीटर धुळीतच उतरायचं. अशा वेळी गोळी चुकवायला अंग वळवायलाही फारशी जागा नसते. स्वतःची बंदूक म्हणाल तर मागच्या रॅम्पवर एक, म्हणजे समोरच्या झाडीतून कोणी मारत असेल तर निरुपयोगी. पोटाखाली बसवायची, आतून कॅमेऱ्यावर पाहून चालवायची मिनिगन ही मशीनगन निघाली होती; पण तिचं वजन वाढलं की तेवढे सैनिक कमी, त्यामुळे ती फारशी वापरली गेली नाही.

म्हणून कोब्रा आधी निघतात. जहाजावरून, किंवा वाटेत जमिनीवर उभारलेल्या तात्पुरत्या इंधनतळावरून. ते जागा पाहतात आणि मागून येणाऱ्यांना रेडिओवर ठरलेला शब्द देतात. मरीनमध्ये ‘आइस’ म्हणजे जागा शांत, ‘चेरी’ म्हणजे खाली शत्रू आहे. माझ्या मते सगळ्यात अवघड काम इथेच आहे. कोब्रा उशिरा पोचले तर उपयोग नाही, आणि दहा मिनिटं आधीपासून घिरट्या घालत बसले तर कुठे उतरणार हे सगळ्या पंचक्रोशीला कळतं. सगळा खेळ मिनिटांच्या हिशेबाचा.

अंतर फार असेल तर कोब्राचा विषयच संपतो, मग जेट. मार्च २०११ मध्ये लिबियात बेंगाझीजवळ अमेरिकेचं एफ-१५ई लढाऊ विमान पडलं. वैमानिकाला आणायला भूमध्य समुद्रातल्या यूएसएस कीअरसार्ज या युद्धनौकेवरून दोन ऑस्प्रे गेले, आणि वरून होती हॅरियर जेट. वैमानिकाच्या मागणीवरून हॅरियरने ५०० पौंडी दोन बॉम्बही टाकले. सुटका यशस्वी झाली. पण त्याच विमानातल्या दुसऱ्या अधिकाऱ्याला आसरा देणारे स्थानिक लोकच होते. खालचा माणूस मित्र की शत्रू हे जेटमधून ओळखणं कठीण. हळू, खालून उडणाऱ्या हेलिकॉप्टरची जागा जेट पूर्णपणे घेत नाही ती इथे.

याच्या उलट २१ डिसेंबर २०१३. दक्षिण सुदानमधल्या बोर गावातून अमेरिकन नागरिकांना काढायला तीन सीव्ही-२२ (अमेरिकन हवाई दलाचे ऑस्प्रे) गेले. उतरायला जाताना जमिनीवरून गोळीबार झाला, तिन्ही विमानांना मिळून शंभराहून जास्त गोळ्या लागल्या, आतले चार जण जखमी झाले. न उतरताच ते वळले आणि गळक्या टाक्यांनिशी, वाटेत हवेत इंधन घेत युगांडात एंटेबीला पोचले. वैमानिकांची कमालच म्हणायची. त्यानंतर या विमानांच्या आतल्या तळाला चिलखती पत्रे आले. नागरिकांना दुसऱ्या दिवशी साध्या हेलिकॉप्टरांनी बाहेर काढलं.

ऑस्प्रेच्या वेगाने सोबत जाईल असा सशस्त्र ड्रोन मरीनना हवा होता, पण त्याच एका यंत्राकडून टेहळणीपासून मालवाहतुकीपर्यंत सगळं मागितलं गेलं आणि योजना बदलत गेली. आता अमेरिकन लष्करही याच पेचात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी ऑस्प्रेसारखंच वळत्या रोटरचं, पण त्याहून वेगवान बेल व्ही-२८० निवडलं. त्याच्या बरोबरीने येणाऱ्या नव्या टेहळणी आणि हल्ल्याच्या हेलिकॉप्टरची योजना मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केली. राहतं लष्कराचं सध्याचं ॲटॅक हेलिकॉप्टर अपाची, म्हणजे पुन्हा तोच २७०-२८० चा वेग. त्यामुळे आधी कोणाला पाठवायचं हा प्रश्न लष्करालाही सोडवावा लागेल, आणि मला वाटतं तो मान बहुतेक छोट्या ड्रोनांकडे जाईल.