लॅपटॉपचा मदरबोर्ड चालू होत नसेल तर आधी काय मोजावे

बोर्ड मेलेला दिसला की लगेच हॉट एअर (सोल्डर वितळवून भाग काढण्याचे गरम हवेचे यंत्र) हाती घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून १९ व्होल्टच्या मुख्य लाइनचा ग्राउंडशी असलेला रेझिस्टन्स मोजावा; तो एखाद्या ओहमच्या आसपास भरला, तर त्या लाइनवरील एखादा सिरॅमिक कपॅसिटर किंवा मॉस्फेट (विजेचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झाल्याचा संशय घ्यावा. प्रोसेसरच्या कॉइलवर मात्र अगदी कमी रेझिस्टन्स दिसणे स्वाभाविक आहे. नवशिके नेमके तेथेच फसतात आणि धडधाकट प्रोसेसरवर शॉर्टचा शिक्का मारतात.

शॉर्ट नसेल, तर अडॅप्टर जोडून जॅकपासून पुढे व्होल्टेज तपासत जावे. इनपुट मॉस्फेटच्या अलीकडे १९ व्होल्ट आणि पलीकडे शून्य असेल, तर चार्जिंग आयसीचा (बॅटरीचे चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपचा) परिसर पाहावा. त्यानंतर ३.३ आणि ५ व्होल्टच्या स्टँडबाय लाइन, म्हणजे लॅपटॉप बंद असतानाही चालू राहणाऱ्या लाइन, तपासाव्यात. पॉवर बटणाच्या पिनवर बहुधा ३.३ व्होल्ट असतात आणि बटण दाबताच ते शून्याकडे जातात. तसे होत नसेल, तर कधीकधी बिघाड बटणाच्या रिबन केबलइतका क्षुल्लक निघतो.

मोजताना प्रोब घसरू देऊ नये. १९ व्होल्ट शेजारच्या ३.३ व्होल्टच्या पिनला क्षणभर टेकले, तरी दुरुस्त होण्याजोगा बोर्ड कायमचा जाऊ शकतो. हा पराक्रम मी स्वतः एकदा केलेला आहे.