पहिला रोल खिडकीपाशीच संपव

फ्लॅश घेऊ का, असं विचारलंस. नको. फिल्म कॅमेऱ्याचा पहिला रोल घरातल्या खिडकीपाशीच संपव. ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे ते) कृष्णधवल रोल घे. इलफोर्डचा एचपी५ प्लस बऱ्याच चुका पोटात घालतो.

आजीला खिडकीला काटकोनात बसव, खोलीतले दिवे बंद कर. ऊन थेट आत येत असेल तर पांढरा पातळ पडदा ओढ. कॅमेरा जवळ नेऊन त्यातला उजेड मोजणारा मीटर गालाच्या सावलीतल्या बाजूवर वाच, मग मागे सरक. डिजिटलच्या उलट गणित आहे हे: निगेटिव्हला उजेड थोडा जास्त झाला तर चालतं, कमी पडला तर सावलीतलं काहीच हाती लागत नाही. आणि मग थांब. आजी फोटोचं विसरून शेंगा सोलायला लागेल, तेव्हा दाब. ३६ फ्रेम असल्या की हे थांबणं आपोआप येतं. मला तर फोटोपेक्षा तेच जास्त आवडतं.

बाहेर मीटर नसला तरी अडत नाही. कडक उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ आणि शटर १/५०० सेकंद, ढगाळ असेल तर छिद्र मोठं करून एफ ८. मे महिन्यातल्या दुपारी मात्र सरळ झोप काढ, डोळ्यांखाली नुसते खड्डे दिसतात. जुलैतला ढगाळ उजेड चेहऱ्यांना सगळ्यात छान.

हो, रोल भरल्यावर लिव्हर ओढताना रिवाइंडचा नॉब फिरतोय का बघ. फिरत नसेल तर फिल्म पुढे सरकतच नाहीये. माझा एकदा फिरत नव्हता. अख्खं लग्न कोरं निघालं.