गुलाबावर लाल कोळी पडलाय, तो शेजारच्या मिरचीवर आणि जास्वंदीवर जाईल का?

तुमचा प्रश्न असा आहे की गुलाबाच्या पानांमागे बारीक जाळी झालीये, कोणीतरी लाल कोळी (घरातला जाळं विणणारा कोळी नव्हे, पानांचा रस शोषणारा बारीक माइट) म्हणून सांगितलं, आणि आता शेजारच्या मिरची, काकडी, जास्वंदीलाही तो लागणार का, की प्रत्येक झाडाचा कोळी वेगळा असतो. तर काही कोळी खरंच एकाच झाडाला चिकटून असतात आणि काही दिसेल ते खातात. तुमच्याकडे जाळी आहे म्हणताय म्हणजे बहुतेक दुसऱ्या प्रकारातला, टेट्रानिकस अर्टिकी, ज्याला दोन ठिपक्यांचा कोळी म्हणतात. तो जाईल, आणि आत्तापर्यंत गेलाही असेल.

आधी खात्री करून घ्या. पानाखाली पांढरा कागद धरा आणि पान टिचकीने झटका, कागदावर धुळीसारखे कण पडतील आणि जरा वेळ बघितलं की त्यातले काही चालायला लागतील. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर मजा येते बघायला, अर्ध्या मिलिमीटरचं पिवळट हिरवट अंग, आठ पाय (अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू सहाच पायांचं असतं), आणि दोन्ही बाजूंना एकेक काळा डाग. तो डाग म्हणजे रंग नाही बरं का, पोटात गेलेलं खाणं अंगातून आरपार दिसतं. बाजूला जाळीत गोल पारदर्शक अंडी अडकलेली असतात. हा सुईसारखी सोंड पानात खुपसून एकेका पेशीतला हिरवा रस ओढतो, म्हणून पानाच्या वरच्या बाजूला आधी पांढरे-पिवळे टिपके दिसतात आणि मग सगळं पानच फिकट होऊन वाळतं.

ह्या एका जातीची नोंद 1100 पेक्षा जास्त प्रकारच्या वनस्पतींवर झालेली आहे. घेवडा, वांगं, काकडी, कापूस, स्ट्रॉबेरी, पपई, गुलाब, जास्वंद, कशालाच नाही म्हणत नाही. 2011 मध्ये त्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा संच, वाचला गेला तेव्हा दिसलं की जीनोम तसा छोटासाच आहे पण विष पचवणाऱ्या जनुकांची त्यात रेलचेल आहे, आणि काही जनुकं तर चक्क बुरशी आणि बॅक्टेरियाकडून आलेली. थंडीत सुप्तावस्थेत जाणारी मादी लाल-केशरी होते तो रंगही तो स्वतःच बनवतो, बुरशीकडून आलेल्या जनुकांच्या जोरावर.

पण म्हणून कुठलाही कोळी उचलून कुठल्याही झाडावर टाकला की तो लगेच माजतो असं नाही, इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. जात सगळं खाते, पण तुमच्याकडचं टोळकं पिढ्यान् पिढ्या ज्या झाडावर वाढलंय त्याला सरावलेलं असतं. घेवड्यावरचे कोळी टोमॅटोवर टाकले तर सुरुवातीला त्यातले बरेच मरतात किंवा अंडी कमी घालतात, मग जे तगतात त्यांची पिलावळ थोड्याच पिढ्यांत टोमॅटोवर रुळते. आणि उन्हाळ्यात एक पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते, त्यामुळे 'थोड्याच पिढ्या' म्हणजे फार वाट बघावी लागत नाही. त्यात मादीला सुरुवातीला नराची गरजच नाही, बिनमिलनाची अंडी घातली तर त्यातून नर निघतात आणि पुढे त्यांच्याशीच तिची जोडी जमते, म्हणजे नवीन झाडावर एकटी मादी पोचली तरी तिचा संसार सुरू. शिवाय झाडातलं विष पचवायला जी यंत्रणा लागते तीच बऱ्यापैकी औषधं पचवायलाही कामाला येते, म्हणून एका झाडावरून दुसऱ्या झाडाला सरावलेले कोळी काही औषधांनाही आधीपेक्षा दाद देईनासे होतात. हे मला तरी सगळ्यात भारी वाटतं, आणि वैतागही ह्याचाच येतो.

झाडाच्या बाजूने बघायचं तर काकडीचं उदाहरण मस्त आहे. काकडीच्या वेलीत कडूपणा आणणारं एक जनुक असतं. 1971 मध्ये सायन्स मासिकात आलेल्या एका अभ्यासात दाखवलं होतं की वेल कडू असेल तर कोळी कमी पडतो, पण त्याच कडूपणामुळे काकडीवरचे भुंगे ओढले जातात. वेल कडू नसेल तर भुंगे पाठ सोडतात आणि कोळी हात धुवून मागे लागतो. म्हणजे झाडाने करायचं तरी काय!

आता तुमच्या मिरचीबद्दल. मिरचीची शेंड्याची पानं बारीक होऊन कडा खाली वळलेल्या दिसत असतील आणि जाळी कुठेच नसेल तर गुलाबाला दोष देऊ नका, तो वेगळा कोळी आहे, पॉलिफॅगोटार्सोनेमस लेटस, पिवळा कोळी म्हणतात काही जण. हा कोवळ्या शेंड्यातच राहतो आणि साध्या डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे लोक सरसकट व्हायरस समजतात. फुलकिड्यांनी पानं वरच्या बाजूला वळतात, ह्याने खालच्या, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. हाही चहा, कापूस, बटाटा, लिंबू असं बरंच काही खातो, आणि गावभर फिरायला पांढऱ्या माशीचे पाय पकडून फुकट प्रवास करतो.

एकाच झाडाला धरून राहणारे म्हणजे एरिओफिड गटातले. ते कोळी वाटतच नाहीत, लांबट अळीसारखं अंग, पायांच्या दोनच जोड्या, आणि लांबी मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. त्यातल्या बहुतेक जाती एकाच वनस्पतीवर किंवा तिच्या अगदी जवळच्या भाऊबंदांवर जगतात. लिचीच्या पानामागे तपकिरी मखमल उगवते ती बुरशी नसते, हा कोळी झाडाकडून ती लव तयार करून घेतो आणि त्यात राहतो. नारळावरचा फळाच्या टोपीखाली कोवळ्या भागात लपतो, तो 1965 मध्ये मेक्सिकोतल्या गेरेरो भागातल्या नमुन्यांवरून नोंदला गेला आणि नावही तसंच पडलं, असेरिया गेरेरोनिस. तुरीवरचा स्वतः फारसं नुकसान करत नाही पण वांझ रोगाचा विषाणू पसरवतो, मग झाड नुसतं हिरवं झुडूप राहतं आणि शेंगा धरत नाही. ह्यातला कुठलाही तुमच्या गुलाबावर येणार नाही. हे लोक वाऱ्यावर उडत जातात आणि चुकीच्या झाडावर पडले की संपले.

करायचं काय तर गुलाबाची कुंडी आज बाजूला करा, फार खराब झालेली पानं काढून पिशवीत बांधून टाका, आणि उरलेल्या पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, काही दिवस सलग. कोरडी गरम हवा आणि धूळ त्याला मानवते, म्हणून नुसत्या धुण्यानेही बराच फरक पडतो. मग साबणाचं पाणी किंवा निमतेल, संध्याकाळी, पानामागे. अंडी ह्यातून वाचतात म्हणून चार-पाच दिवसांनी परत मारायचं. गंधक चालतं पण कडक उन्हात नको आणि काकडीवर तर नकोच, पानं जळतात. घरात पडलेलं किड्यांचं औषध उचलून मारू नका, विशेषतः पायरेथ्रॉइड गटातलं, कोळी हा कीटक नाही त्यामुळे तो बऱ्याचदा तसाच राहतो आणि त्याला खाणारे मित्रकिडे तेवढे मरतात, पंधरा दिवसांत आधीपेक्षा जास्त कोळी. कुंडीतलं तणही काढा, तिथे तो आरामात राहतो.

आणि भिंगातून बघताना जाळीत एखादा चकचकीत, बाकीच्यांपेक्षा जोरात पळणारा कोळी दिसला तर तो शिकारी कोळी असण्याची शक्यता जास्त. हा ह्यांचीच अंडी-पिल्लं खातो. असे बरेच दिसले तर साबण-तेल सध्या राहू द्या आणि आठवडाभर नुसतं बघा.