नऊ पिना जुळल्या, पण मॉनिटर जुळला का?

प्रश्न : वडिलांचा जुना आयबीएम पीसी आणि त्याचा हिरव्या अक्षरांचा ५१५१ मॉनिटर माझ्याकडे आहे. मूळ डिस्प्ले कार्ड काढून मी जुन्या बाजारातून आणलेले सीजीए, म्हणजे रंगीत डिस्प्लेचे, कार्ड बसवले आहे. मॉनिटरचा नऊ पिनांचा प्लग त्यात व्यवस्थित बसतो. तो चालू करावा का, की घरातला एलसीडी जोडावा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चालू करण्याआधी विचारलेत, हे फार बरे झाले. १९८१ मध्ये आयबीएमने एमडीए (एकरंगी मजकुराचे) आणि सीजीए या दोन्ही डिस्प्ले कार्डांना एकसारखाच नऊ पिनांचा कनेक्टर दिला आणि तिथेच घोळ झाला. तुमचा ५१५१ ज्यासाठी बनला ते एमडीए कार्ड सेकंदाला सुमारे १८,४३० आडव्या रेषांचा सिग्नल पाठवते, तर सीजीए सुमारे १५,७००. तुमच्या ५१५१ मध्ये ही गती राखणारा स्वतःचा ऑसिलेटरच नाही; कार्डाकडून येणाऱ्या सिंकच्या, म्हणजे प्रत्येक रेषेची वेळ सांगणाऱ्या सिग्नलच्या, ठोक्यावर त्याचा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपले टीव्ही मेकॅनिक ज्याला ईएचटी म्हणतात तो भाग, चालतो. हा ठोका चुकला, तर त्याला चालवणारा ट्रान्झिस्टर तापून जळू शकतो, आणि असे सुटे भाग आज सहजासहजी मिळत नाहीत. म्हणून सीजीएवर हा मॉनिटर चालू करू नका; त्याला मूळ एमडीए कार्डच लावा. ओळख सोपी आहे : आयबीएमच्या एमडीए कार्डावर शेजारीच प्रिंटरचे पंचवीस छिद्रांचे पोर्ट असते, तर सीजीएवर टीव्हीच्या केबलसारखे एक गोल आरसीए सॉकेट.

एलसीडीचे व्हीजीए पोर्ट पंधरा पिनांचे असते. नऊ पिना पंधरांना जोडणारा नुसता अडॅप्टर घेऊन भागत नाही, कारण व्हीजीएचे रंगांचे सिग्नल जेमतेम ०.७ व्होल्टचे आणि सेकंदाला साधारण ३१,५०० रेषांचे असतात. सीजीएचे सिग्नल मात्र टीटीएल, म्हणजे पाच व्होल्टच्या चालू-बंद डिजिटल, पातळीचे. त्यापेक्षा सीजीएच्या आरसीए सॉकेटमधून टीव्हीच्या व्हिडिओ इनपुटला केबल जोडा. हा सिग्नल अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीचा असल्यामुळे केवळ पाल पद्धतीच्या जुन्या टीव्हीवर चित्र नीट येणार नाही. दोन्ही पद्धती ओळखणारा टीव्ही मात्र चालेल. अक्षरे थोडी पुसट दिसतील. ती स्पष्ट हवी असतील, तर सीजीएचे टीटीएल सिग्नल स्वीकारणारा कन्व्हर्टर घ्यावा लागेल.

आणि जुन्या मॉनिटरचे मागचे झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा दाब शिल्लक राहू शकतो.