लागंल की कुणाला!

गेल्या महिन्यात टोरोंटोजवळून एका जुन्या विद्यार्थिनीचं पत्र आलं. खानापूर तालुक्यातली ही पोर शाळेत असताना माझ्याकडे थ्रोबॉल खेळायची. आता ११ वर्षांच्या मुलीची आई आहे. लिहिते :

“सर, लेकीला बास्केटबॉलचं वेड आहे. घरासमोर एकटी तास तास खेळते, नेमही चांगला आहे. पण मॅचमध्ये बॉल हातात आला की निखारा आल्यासारखा लगेच दुसरीकडे टाकते. समोरचीनं अंगावर येऊन बॉल नेला तरी बघत उभी राहते. कोच ‘बी ॲग्रेसिव्ह’ म्हणून ओरडतात, तिचे बाबाही स्टँडमधून ओरडतात. घरी विचारलं तर म्हणाली, ‘मी ओढून घेतला तर तिला लागेल ना, आई.’ आणि बेळगावातून व्हिडिओ कॉलवर माझी आई म्हणते, ‘कशाला गं ढकलाढकली करायला लावतीस पोरीला? लागंल की कुणाला तरी!’ आता मी कुणाचं ऐकू?”

असं पत्र हे पहिलंच नव्हे. बाहेर राहणाऱ्या आपल्या दोन-तीन घरांतून हाच प्रश्न आलाय, म्हणून उत्तर इथं सगळ्यांसाठी देतोय.

पोरी, आधी तुझ्या घरातली गंमत बघ. ११ वर्षं तुम्ही तिला काय शिकवलंत? ढकलू नको, हिसकावू नको, आधी दुसऱ्याला दे, मोठ्यानं बोलू नको. आणि शनिवारी सकाळी जिममध्ये नेऊन तिलाच सांगता, हिसकाव! मला ती भित्री वाटत नाही. घरात शिकवलेलं ती कोर्टवरही पाळते, एवढंच. त्यामुळे ‘आक्रमक हो’ म्हणून काही होणार नाही. त्या शब्दाचं नेमकं काय करायचं, हात कुठं ठेवायचा, पाय कुठं टाकायचा, हे ११ वर्षांच्या पोरीला कळत नाही. तिला एवढंच कळतं, की मी जशी आहे तशी बाबांना आवडत नाही.

तिला आधी खेळाची गोष्ट सांग. हा खेळ शोधणारे जेम्स नायस्मिथ मूळचे तुमच्याच ऑन्टारिओचे, १८६१ साली आल्मॉन्टमध्ये जन्मलेले. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला थंडीत पोरांना आत कोंडून ठेवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ मांडला. बॉल घेऊन पळायचं नाही, हा नियम त्यांनी मुद्दाम केला, कारण पळणाऱ्याला माणसं पाडतात. टोपली वर टांगली, म्हणजे बॉल जोरात हाणून भागत नाही, अलगद टाकावा लागतो. त्यांच्या १३ नियमांत खांद्यानं धक्का देणं, धरणं, ढकलणं, पाय घालणं सगळं बंद होतं. म्हणजे लेकीची शंका खेळाच्या जन्मापासूनची आहे. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, सेंडा बेरेन्सन या बाईंनी स्मिथ कॉलेजात मुलींना हा खेळ शिकवायला घेतला. त्यांनी मुलींसाठी जे नियम बसवले त्यांत कोर्टाचे तीन भाग केले आणि दुसरीच्या हातातला बॉल हिसकावायला चक्क बंदी घातली. तुझी आई बेळगावात बसून आज जे म्हणतेय, ते अमेरिकेतल्या कॉलेजात कधीच नियम म्हणून लिहून झालंय!

तो नियम आता नाही. आजचा नियम तिला सोप्या शब्दांत सांग : बॉल कुणाच्याच मालकीचा नसतो, हात मात्र ज्याचा त्याचा असतो. बॉलला हात घातला तर खेळ, मनगटावर मारला तर फाऊल. आणि फाऊल म्हणजे पाप नव्हे. आंतरराष्ट्रीय नियमांत एका खेळाडूला पाच फाऊल झाल्यावर बाहेर जावं लागतं, म्हणजे चार हातात असतात. हे चार फाऊल जत्रेत खर्चायला दिलेल्या पैशांसारखे धर. सगळे परत आणणारं पोर जत्रेत फिरलंच नाही म्हणायचं. माझ्याकडच्या अशा मुलांना मी सांगायचो, आज प्रामाणिकपणे बॉलवर जाताना दोन फाऊल करून ये, नाहीतर उद्या मैदानाला दोन फेऱ्या. पोरं आधी हसायची, मग तिसऱ्या-चौथ्या मॅचला कुणीतरी खरंच फाऊल करून, लाल कान घेऊन माझ्याकडे बघायचं. तेव्हा शाबासकी द्यायची. तिथं रागावलात तर संपलं.

हे मी शहाणपणानं शिकलेलो नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शाळेत असताना मी एका लाजऱ्या पोराला सगळ्यांसमोर “बांगड्या भर” म्हणालो होतो. पोरगं दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आलं नाही. ते वाक्य मी माझ्या सरांकडून उचललं होतं, आणि त्यात तुझ्यासारख्या खेळणाऱ्या मुलींचाही अपमान होता, हे ध्यानात यायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

शिकलो ते तालमीत. बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघायला तू कधी गेलीस की नाही माहीत नाही. तालमीत नवीन पोर आलं की वस्ताद त्याला डाव शिकवत नाही. आधी माती उकरायला लावतो, मग पडायला शिकवतो. हनुवटी छातीला, हात आपटून, अंग गोल करून. पडलं की काय होतं हे अंगाला कळलं, म्हणजे भीती निम्मी जाते. मग खडाखडी. दोघं समोरासमोर, हाताला हात, मानेवर हात, नुसता जोर अजमावत फिरायचं. कुणी कुणाला पाडत नाही, तरी समोरच्याचं वजन अंगाला कळतं. आणि कुस्ती संपली की तेच दोघे हात मिळवतात. समोरच्याला जोर लावणं म्हणजे त्याच्याशी वाईट वागणं नव्हे, हे तिथल्या आठ वर्षांच्या पोरालाही कुणी समजावून सांगावं लागत नाही.

हीच खडाखडी घरात बाबांबरोबर करायची. ओरडण्यापेक्षा त्यांना हे काम द्या. दोघांनी एकच बॉल दोन्ही हातांनी धरायचा आणि तीन आकडे मोजेपर्यंत ओढायचा. पहिल्या दिवशी ती हसत सोडून देईल, आठवड्यानं सोडणार नाही. दुसरा खेळ : बॉल जमिनीवर ठेवायचा, लेकीनं बॉलकडे तोंड करून बाबांना पाठीवर घ्यायचं, गुडघे वाकवून, बूड खाली, कोपरं बाहेर पण न मारता, आणि पाच मोजेपर्यंत त्यांना बॉलपर्यंत येऊ द्यायचं नाही. रिबाउंडसाठी, म्हणजे रिंगवर आदळून परत आलेला बॉल घ्यायला, पाठीनं अडवायचं म्हणतात ते हेच. तिसरा : ती बास्केटखाली ले-अपला, म्हणजे पळत जवळ जाऊन बॉल टाकायला, जाईल तेव्हा बाबांनी हातात उशी घेऊन तिच्या खांद्याला हलका धक्का द्यायचा. रोज २० वेळा. धक्का लागूनही शॉट पडतो हे तिच्या अंगाला कळू दे, कानाला सांगून उपयोग नाही.

बॉल लगेच टाकून देण्याचं कारण बऱ्याचदा पायांत असतं. दोन्ही पायांवर एकदम थांबता आलं, एक पाय रोवून दुसऱ्यानं फिरता आलं, बॉल हनुवटीखाली घट्ट धरता आला, की हातातला निखारा विझतो. तिला मग बघायला वेळ मिळतो. आणि डावा हात! आपल्याकडं डाव्या हातानं काही घेतलं-दिलं की घरातलं मोठं माणूस डोळे वटारतं. आता मुद्दाम उलटं कर : डाव्या हातानं ड्रिबल करत, म्हणजे बॉल आपटत, कचरा टाकायला जा, डाव्या हातानं ड्रिबल करत आजीशी कॉलवर बोल. एकाच बाजूनं जाता येणारी पोर कोपऱ्यात सापडते आणि मग लोक तिला घाबरट म्हणतात.

बॉल केवढा आहे तेही बघ. १२ वर्षांखालच्या मिनी बास्केटबॉलमध्ये ५ नंबरचा बॉल असतो आणि रिंग २.६० मीटरवर; मोठ्यांची ३.०५ मीटरवर असते. घरी मोठ्या रिंगवर मोठा बॉल फेकायला लावत असाल तर ती सगळा जोर फेकण्यातच घालवते. उंचीचं म्हणशील तर मगसी बोग्स हे नाव तिला शोधायला सांग. ५ फूट ३ इंचांचा हा माणूस एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये १४ मोसम खेळला, उंच माणसं बॉल खाली आपटायला लागली की हा तिथंच उभा असायचा.

आता तुझं काम. स्टँडमध्ये कागद घेऊन बस आणि तीनच गोष्टींवर खुणा कर : किती वेळा बॉलला हात लागला, किती वेळा रिबाउंडला गेली (मिळाला नाही तरी चालेल), किती वेळा तोंडानं ओरडली. गुण मोजायचे नाहीत. या कागदाचा आणखी एक फायदा आहे, हातात पेन असलं की तोंड बंद राहतं. बाबांनाही एक कागद दे. गाडीत घरी येताना मॅचवर एक शब्द नको. भूक लागली का, एवढंच. तिनं विषय काढला तर गोष्ट वेगळी.

कोचना भेटून ‘तिला जास्त खेळवा’ म्हणू नको. ‘तिला एकच काम द्या’ म्हण. त्या दहा नंबरच्या मुलीला पाठीनं अडव, बस्स. एक काम असलं की पोर त्यात घुसते.

ओरडण्याचं मी मुद्दाम लिहिलं. हा खेळ तोंडानं खेळतात. ‘बॉल, बॉल’, ‘डावीकडं’, ‘माझी आहे ही’ असं सतत बोलावं लागतं. आपली बेळगावची पोरं कंडक्टरशी कन्नड, कॅम्पात हिंदी, घरात मराठी अशी तिन्हीत भांडतात. तरीही आपल्यातल्या पुष्कळांना चारचौघांत कुठल्या भाषेत तोंड उघडावं या विचारात गप्प बसायची सवय लागलेली असते. तुझ्या लेकीचं तसं काही आहे का बघ. मराठीतून ओरडली तरी चालेल, समोरच्या टीमला कळणार नाही, हा वर फायदाच!

एक मात्र वेगळं ठेव. मॅचच्या आदल्या रात्री झोप उडत असेल, दर शनिवारी पोट दुखत असेल, किंवा कोच तिला नावं ठेवून बोलत असतील, तर हे सगळं बाजूला. आधी कोच बदला, डॉक्टरांशी बोला. आणि तिला खेळायचंच नसेल तर तेही ऐक.

तुमची सुट्टी जुलै-ऑगस्टची, म्हणजे ऐन पावसात येणार. उत्तमच. इथं गल्लीतली पोरं चिखलात कबड्डी खेळतात. तिला तिथं सोड. चढाईला एकट्यानं सात जणांत जावं लागतं, पास द्यायला कुणी नसतं, आणि पडलं तरी चिखल मऊ असतो. तू कठड्यावर उभी राहू नको, घरात चहा पीत बस. येताना जुने बूट आण. आणि आईला आत्ताच सांगून ठेव, की नात रोज संध्याकाळी लाल होऊन येणार आहे, उगाच लागलं का विचारू नको.