आधी पिल्लाचं वय मोज

भीतीचे प्रयोग सुरू करतोयस, तर उंदराच्या पिल्लाचं वय आधी नीट मोज. जन्मानंतर साधारण दहाव्या दिवसापर्यंत वासासोबत हलका शॉक दिला, तर पिल्लू त्या वासाला घाबरत नाही, उलट त्याच्याकडेच सरकतं! अमिग्डला, म्हणजे मेंदूतला भीती शिकणारा भाग, अजून त्या शिकण्यात उतरलेली नसते. पण आईकडून हेळसांड झाली, कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढलं, की हीच भीती वेळेआधी उगवते. पुढेही काही दिवस आई जवळ असली की ही भीती दबते. म्हणून आई पिंजऱ्यात होती का, हे वहीत लिहीतच जा. मी लिहिलं नव्हतं. महिनाभराच्या नोंदी फुकट गेल्या. आणि हो, भीतीने थिजलेलं पिल्लू झोपलेलं समजू नकोस: अंग ताठ असतं, फक्त श्वास हलतो.